चौघांचा एकच अर्ज

वारजे, पुणे
सोमवार, २६ मे २०२५

दादा,

तुला अमेरिकेत एल्क मारायचा परवाना लागला आहे. अभिनंदन. बाबांना लागलाय, आईला लागलाय, मलाही लागलाय. येत्या ऑक्टोबरात आपण चौघं खांद्याला बंदुका लावून तिथल्या डोंगरात फिरलो तर कोणी अडवू शकत नाही.

ही थट्टा नाही. तीन मेल पाठवले, तू एकही उघडला नाहीस. मेल उघडला की नाही हे मला दिसतं, माझं कामच ते आहे. फोन तू साडेतीन वर्षांपूर्वीच ब्लॉक केलास. म्हणून कागदावर लिहितेय. सिलिगुडीचा पत्ता आईच्या हळदीच्या डब्याखाली सापडला. दर दिवाळीला ती तुला फराळ पाठवते आणि कुरियरच्या पावत्या तिथे ठेवते. बाबांना माहीत नाही असं तिला वाटतं.

आता मुद्दा. दोन वर्षांपूर्वी मी बँकेचं प्रोजेक्ट सोडलं. आता बावधनच्या एका कंपनीत आहे. अमेरिकेतल्या एका डोंगराळ राज्याच्या वन्यजीव खात्यासाठी आम्ही शिकारीच्या लॉटरीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. तिकडे शिकार कायदेशीर आहे, पण मोजून. एका डोंगरात यंदा किती एल्क मारायचे हे खातं ठरवतं. एल्क म्हणजे आपलं सांबर, पण घोड्याएवढं. जितकी जनावरं तितके टॅग. टॅग म्हणजे परवान्याची चिठ्ठी, एक टॅग, एक जनावर. मागणारे ढीगभर, म्हणून लॉटरी. ज्याला लागत नाही त्याला त्या वर्षाचा एक गुण मिळतो. गुण साठत जातात आणि जास्त गुणवाल्याचा नंबर आधी लागतो. तू हसशील, पण लोक वीस-वीस वर्षं गुण साठवतात.

माणसं एकेकटी अर्ज करतात, तशी गटानेही करतात. बाप-लेक, भाऊ-भाऊ, जुने दोस्त. एक जण गटप्रमुख होतो, त्याला गटक्रमांक मिळतो, बाकीचे आपल्या अर्जात तो क्रमांक घालतात. मग संगणक त्या सगळ्यांना एकच माणूस समजतो. गुणांची सरासरी काढायची, अपूर्णांक उडवायचा, लॉटरीचा आकडाही गटाला एकच. लागलं तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. आणि गटात चार माणसं असताना टॅग तीनच उरले असतील, तर गटाला वगळून पुढच्याकडे जायचं. गट तोडून तिघांना देत नाहीत.

अर्ज सुरू होतात त्या दिवशी आम्ही खऱ्या साइटवर एक खोटा गट भरून बघतो. सगळं चालतंय ना, सरासरी बरोबर निघतेय ना. मग तो गट काढून टाकायचा. यंदा ते काम माझ्याकडे होतं. नावं सुचेनात म्हणून घरची घातली. गटप्रमुख बापूराव, मग गोदाबाई, रणजित, दीपमाला. जन्मतारखा खऱ्या, मेलचे पत्ते खरे. गुण मीच दिले, बाबांना, आईला, मला अठरा-अठरा आणि तुला शून्य. अपूर्णांक उडतो का ते बघायचं होतं. साडेतेरा आले, तेरा झाले. तुझ्यामुळे आपण खाली आलो.

गट काढायचा मी विसरले. लॉटरी निघाली. त्या डोंगरातले शेवटचे चार टॅग आपल्याला लागले.

निकालावर सही झाली की यादी बंद होते. नाव रद्द करायची चौकशी सहा महिने चालते, तोवर हंगाम संपतो आणि टॅग वाया जातात. दुसरा मार्ग एकच. ज्याचा टॅग, त्याने स्वतः परत करायचा, स्वतःच्या मेलवर आलेला सहा आकडी नंबर टाकून. मुदत गुरुवार, १२ जून, आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात.

चौघांनी परत केले तर चारही टॅग यादीतल्या पुढच्या गटाला जातील. तोही चौघांचाच आहे. तिघांनीच केले तर तो गट वगळला जाईल आणि टॅग तीन सुट्या माणसांना जातील. म्हणजे सगळं तुझ्यावर अडलंय. तुझ्याकडे काही मागायचा मला हक्क नाही हे मला कळतं. तरी मेल उघड, लिंकवर जा, नंबर टाक. दोन मिनिटांचं काम आहे. माझ्याशी बोलायची गरज नाही.

दीपमाला

*

वारजे
शनिवार, ३१ मे

दादा,

पहिलं पत्र गुरुवारी पोचलं. सही शेफालीवहिनीची आहे, स्पीड पोस्टच्या साइटवर दिसलं. टॅग अजून तुझ्या नावावरच आहे.

सरोजिनी मॅडमना मी मंगळवारीच सांगितलं. त्या आमच्या टीम लीड, सदाशिव पेठेतल्या. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "अहो दीपमाला, घरच्यांना अमेरिका दाखवायची होती तर एखाद्या टूरवाल्याला विचारायचं. सरकारी लॉटरी कशाला वापरलीत?" मग त्यांनी तिकडच्या खात्याला कळवलं. खात्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. ही चार माणसं प्रत्यक्षात आहेत ना? असतील तर त्यांनी इतरांसारखेच टॅग परत करावेत. मॅडम म्हणाल्या, "बघा. आपल्यापेक्षा त्यांचा तुमच्या कुटुंबावर जास्त विश्वास आहे." मला लेखी ताकीद मिळाली आहे आणि खऱ्या साइटला हात लावायची परवानगी काढून घेतली आहे. नोकरी राहील असं दिसतंय.

आई पटकन तयार झाली. मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, "मले कायले पाह्यजे जनावर मारायची चिठ्ठी? अन् रणजितचं नाव हाये का त्याच्यात? दाखव बरं." दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. मग नंबर सांगितला. माझा आणि तिचा टॅग परत झाला. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.

यादीतला पुढचा गट कोणाचा, हे तुला सांगायला हवं. नियमाने सांगू नये, पण तू काही तिकडे जाऊन सांगणार नाहीस.

मिसेस डॉइल म्हणून एक बाई आहेत, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मार्चमध्ये, अर्ज सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, त्यांचा फोन माझ्याकडे आला होता; अर्जदारांचे फोनही आम्हीच घेतो. बाई, त्यांचे दोन मुलगे आणि एक सून. तिघांचे अठरा-अठरा गुण. धाकट्या मुलाचे शून्य, कारण तो बरीच वर्षं घर सोडून गेला होता आणि आता परतलाय. मी आपल्या चौघांना जे आकडे दिले ते कुठून आले, हे आता तुला कळलं असेल.

मी त्यांना नीट समजावलं. धाकट्याला गटातून काढा, तुमची सरासरी अठरा राहील आणि टॅग नक्की लागेल. तो तुमच्याबरोबर टॅगशिवायही येऊ शकतो, फक्त बंदूक चालवायची नाही. बाईंच्या एका डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, दुसराही चाललाय. पुढच्या वर्षी त्यांना नेम धरता येणार नाही. म्हणजे शेवटची संधी. माझा सल्ला हिशेबाने बरोबर होता. बाई म्हणाल्या, "तू सांगतेस तसा तो आला तर सामान उचलायला आला असं होईल. मी त्याला मुलगा म्हणून नेतेय." आणि त्याला गटात ठेवला. तेरावर आल्या. तेराच्या सगळ्या गटांत आकडा कोणाचा आधी लागेल ते नशीब. आपला त्यांच्या एक जागा आधी लागला.

आपण तिथे नसतो तर त्या बाईला तिच्या दोन्ही मुलांबरोबर जाता आलं असतं. एवढंच आहे.

आणखी एक. मागच्या पत्रात लिहिलं की गट काढायचा मी विसरले. ते खरं नाही. विसरले नव्हते. रोज सकाळी मशीन चालू केलं की तो गट उघडून बघायचे. बापूराव, गोदाबाई, रणजित, दीपमाला, आणि पुढे हिरव्या अक्षरात 'गट पूर्ण'. उद्या काढू, उद्या काढू करत तीन आठवडे गेले. मग अर्जांची मुदत संपली आणि तो काढायचं बटणच गेलं. तेव्हा म्हटलं, हजारो अर्ज असतात, आपल्याला कुठून लागणार?

काल मंडईत तुझा दोस्त सुदर्शन दिसला. आंबे घेत होता. मला बघून मान हलवली, तुझं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

दीपमाला

*

वारजे
शुक्रवार, ६ जून

दादा,

बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तुझ्या नावापुढे 'परत केला' आलं. त्या साइटला हात लावायला मला बंदी असली तरी बघायला नाही. मी जागेवरून उठले, पाणी प्यायले आणि परत येऊन पुन्हा बघितलं. मॅडमनी विचारलं, "आले का बंधू?" मी म्हटलं, आले. त्यांनी टोमणा मारला नाही. मी इथे लागल्यापासून असं पहिल्यांदा झालं.

तू एक ओळही लिहिली नाहीस. चालेल. मेल उघडतोस हे कळलं, म्हणून आता मेलच करते.

आता बाबा अडून बसलेत.

त्यांना तसा मेल निकालाच्या दिवशीच आला होता. त्यांना वाटलं फसवणूक आहे. बागेतल्या सगळ्या पेन्शनरांना त्यांनी तो दाखवला होता. "पाहा, आता लॉटरीवाले वाघ-सिंह देऊ राह्यले." चार दिवस करमणूक झाली. पण मेल इंग्रजीत, त्यातलं खालचं कोणी वाचलं नव्हतं.

रविवारी मी सगळं सांगितलं. चहा पिऊन झाल्यावर, शांतपणे. भोसरीच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं फिटर होते, त्यामुळे काय चुकलं ते त्यांना माझ्या मॅनेजरपेक्षा लवकर कळलं. "म्हणजे चाचणीचा तुकडा मशीनमध्येच राह्यला," म्हणाले. मी म्हटलं, हो. "अन् दुसऱ्याचा माल अडकला." हो. मग म्हणाले, "नावं वाचून दाखव."

वाचली. तुझं नाव आलं तसे उठून गॅलरीत गेले. मला वाटलं आता सुरू होणार. तुझं नाव घरात घ्यायचं नाही, हा नियम त्यांनीच केलाय. पण ते कुंड्यांना पाणी घालत राहिले. संध्याकाळी मी नंबर मागितला तर म्हणाले, "पाहू."

सोमवारी 'पाहू'. मंगळवारी 'आज नको'. बुधवारी तुझं झालं म्हणून मी आनंदाने सांगायला गेले, तर चेहरा एवढासा झाला. "त्यानं केलं परत?" म्हणाले. "लगेच?" मी म्हटलं, लगेच कुठे, पत्र पोचून सहा दिवस झाले होते. त्यावर फोन बंद करून उशीखाली ठेवला. काल मला विचारलं, "आता मी केलं की मंग काय होते?" मी म्हटलं, चारही टॅग त्या बाईच्या गटाला जातील. "ते समजलं. आपल्या गटाचं काय होते?" मी म्हटलं, काही नाही, मोडतो. चौघांनी टॅग परत केले की गटक्रमांक बाद होतो. "मंग राहू दे," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मला कळत नाही त्यांना काय हवंय. मिसेस डॉइलबद्दल सांगितलं, डोळ्यांबद्दल सांगितलं. ऐकून घेतात. दया येते त्यांना, हे दिसतं. पण फोन उशीखालून निघत नाही. आईने उशी झटकण्याच्या निमित्ताने काढायचा प्रयत्न केला, तर तिलाच बोलणी बसली.

मी त्यांचा फोन घेऊन स्वतः नंबर टाकू शकते. बाबा अंघोळीला जातात तेव्हा सात मिनिटं मिळतात, आणि पासवर्ड मीच ठेवून दिलेला आहे. एकदा उशीपर्यंत हात गेलाही. पण त्यांच्या मागे त्यांच्या नावाने काही करायचं नाही असं मी ठरवलंय. का ठरवलं ते पुन्हा कधीतरी लिहीन.

तिघांचे आले, एक अडकलाय. बाई अजून यादीत खालीच आहेत.

दीपमाला

*

वारजे
बुधवार, ११ जून

दादा,

हा मेल मिळाल्या मिळाल्या वाच. उद्या संध्याकाळी साडेसातला मुदत संपते.

आज मी रजा टाकली आणि सकाळी बाबांसमोर बसले. म्हटलं, तुम्हाला शिकार करायची नाही, बंदूक धरता येत नाही, पासपोर्ट नाही. टॅग कशाला हवाय? त्यांनी पेपरचं पान उलटलं. म्हटलं, एका म्हाताऱ्या बाईचं नुकसान होतंय. आणखी एक पान उलटलं. मग मी चिडले. म्हटलं, दादाचं नाव तुम्हाला ऐकवत नाही आणि त्याच्याबरोबर एका गटात मात्र राहायचंय, हे काय आहे?

तेव्हा उठले. कपाटातून ती निळी फाइल काढली, त्यातून रेशन कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. तुझ्या नावावर शाईची रेघ आहे, शेजारी शिक्का. तुला हे माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. तुझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा एकटेच रेशन ऑफिसात गेले होते, दिवसभर रांगेत उभं राहून तुझं नाव कमी करून आले होते. आई तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती.

बाबा म्हणाले, "एकडाव काढलं मी त्याचं नाव. कोणी सांगितलं नव्हतं मले. गेलो अन् काढून आलो. आता पुन्हा माह्या हातानं नाही काढत. तुम्ही तिघांनी केलं ना परत? करा. माह्या नंबरानं गट मोडते, तर मी नाही देत."

मी म्हटलं, बाबा, तो गट खोटा आहे. मी चाचणीसाठी भरलेला. "असन खोटा. नावं तर खरी हायेत."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. साडेतीन वर्षं त्या माणसाने तुझा फोटो उलटा करून ठेवला. मी कितीदा म्हटलं होतं, एक फोन करा. नाही केला. आणि आता अमेरिकेतल्या एका डोंगराच्या यादीत तुझं नाव त्यांच्या नावाखाली आहे म्हणून ती यादी सोडवत नाही त्यांना. त्या बाईने काय पाप केलंय?

शेवटी एवढं बोलले, "त्यानं मले सांगावं. त्याच्या तोंडानं. मोड म्हणून सांगितलं तर मोडतो. देतो नंबर."

तर दादा, हे आहे. बाबांना फोन कर. त्यांचा नंबर तोच आहे. काय बोलायचं ते तू ठरव. शिव्या घातल्यास तरी ऐकून घेतील असं वाटतं. फक्त साडेसातच्या आधी कर, कारण मेलवर आलेला आकडा दहा मिनिटांतच बाद होतो आणि बाबांना चष्मा शोधायलाच पाच लागतात.

मिसेस डॉइलसाठी कर. आमच्यापैकी कोणासाठी कर असं मी म्हणणार नाही.

दीपमाला

*

वारजे
शनिवार, १४ जून

दादा,

तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे. इकडचं सांगते.

गुरुवारी बाबा चार वाजल्यापासून फोन हातात घेऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोनवर शर्ट दिसत नाही हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. सहा वाजले, साडेसहा वाजले. आई देवापुढे बसली होती आणि मी लॅपटॉपपुढे. सहा पन्नासला वाजला. नंबर अनोळखी होता, तरी त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"हां, बोल," म्हणाले. मग तू बोलत होतास. बाबा गॅलरीचा गज धरून उभे होते, मी दाराशी. तू काय बोललास ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. बाबा मध्येच म्हणाले, "हो. म्या म्हटलं होतं. तिच्या बापासमोर म्हटलं होतं." मग म्हणाले, "त्यांचा नंबर दे. नाही, तू नको सांगू, मी सांगतो त्यांले. माह्या तोंडानं म्हटलं, माह्याच तोंडानं सांगतो." तू दिला असशील, कारण वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर त्यांनी आकडे लिहून घेतले. मग आपणच लिहिलेला आकडा चार की नऊ हे आईला विचारावं लागलं.

शेवटी म्हणाले, "मंग मोडू का हे?" आणि तुझं ऐकून, "बरं." मग दोन मिनिटं फोन आईकडे गेला.

सात पंधरा झाले होते. पहिला आकडा टाकेपर्यंत बाद झाला. दुसरा मागवला. बाबांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला, मी टाकला. सात एकवीस. 'गट अस्तित्वात नाही' असं आलं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "हरकत नाही." मग शेफालीवहिनीच्या वडिलांना फोन लावायला आत गेले आणि दार लावून घेतलं. वीस मिनिटांनी बाहेर आले ते डोळे पुसतच.

साडेसातनंतर यादी सरकली. मिसेस डॉइल, दोन मुलगे, सून, चौघांनाही लागला. काल त्यांनी फोन केला होता, धन्यवाद द्यायला. मला नाही, जो उचलेल त्याला. आमच्याकडच्या पोराने उचलला. बाई फोनवर मोठमोठ्याने हसत होत्या म्हणे. त्यांना आपलं काही माहीत नाही आणि कळायची गरजही नाही.

इथवर सगळं चांगलं झालं. आता मला जे लिहायचंय ते लिहिते, नाहीतर मी कधीच लिहिणार नाही.

बाबांनी तुला फोनवर एक गोष्ट सांगितली नाही. मी दाराशीच होते, म्हणून मला माहीत आहे. तुझ्या लग्नाची तारीख त्यांना कोणी सांगितली, हे.

ती मी सांगितली. सुदर्शनने नाही.

तुझ्या रजिस्टर लग्नात मी साक्षीदार म्हणून सही करायला येणार होते. आपल्या बाजूने तू, मी आणि सुदर्शन, एवढ्याच तिघांना तारीख माहीत होती. सकाळी मी आईची जांभळी साडी नेसले. बाबांनी विचारलं, "कुठं चालली?" मैत्रिणीकडे म्हटलं असतं तर भागलं असतं. मी सगळं सांगितलं. तारीख, वेळ, ऑफिस कुठलं, कितवा मजला. त्यांनी जबरदस्ती केली नाही, आवाजही चढवला नाही. मला फक्त म्हणाले, तू घरी थांब. मी थांबले. साडी सोडली, घडी केली, कपाटात ठेवली. पुढे बाबांनी तिथे येऊन वहिनीला तिच्या वडिलांसमोर काय काय सुनावलं ते तू बघितलंस.

मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले की मला वाटलं बाबा आशीर्वाद द्यायला जातील. तसं वाटलं नव्हतं. तू सुटत होतास आणि हे घर, त्यांचा राग, आईची औषधं, सगळं माझ्या एकटीवर येणार होतं. मला तुझा राग आला होता. म्हणून सांगितलं.

तू सुदर्शनवर संशय घेतलास आणि मी घेऊ दिला. तो पंधरा वर्षांचा तुझा मित्र. त्याने मला कधी विचारलं नाही, पण त्याला कळलं असणार. तिघांतले दोन बाद केले की कोण उरतं ते कोणालाही कळेल. काल त्याच्या घरी जाऊन मी त्याला हेच सगळं सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला नको सांगूस, त्याला सांग." म्हणून हे पत्र.

बाबांनी साडेतीन वर्षांत माझं नाव कोणापाशी घेतलं नाही, परवा तुझ्यापाशीही नाही. ते त्यांनी माझ्यासाठी केलं की लाजेपोटी, मला माहीत नाही. पण त्यांनी झाकलं म्हणून मी झाकायचं, हे आता नको.

तू परवा बाबांशी बोललास, आईशी बोललास, आईला तर वहिनीनेही दिवाळीच्या चकल्यांचं सांगितलं. मला फोन द्यायला सांगितलं नाहीस. तेव्हा वाईट वाटलं. हे लिहिताना वाटतंय, बरं झालं. हे तुला आधी कळायला हवं.

बाबांनी आज सकाळी सिलिगुडीची तिकिटं काढायला सांगितली. दुसऱ्या प्रवाशाच्या रकान्यात आईचं वय विचारलं तर एकोणसाठ सांगितलं, आई स्वयंपाकघरातून ओरडली, बासष्ट. २८ जूनला निघतील, ३० ला संध्याकाळी पोचतील. आईला खालचा बर्थ मिळालाय, बाबांना मधला. स्टेशनवर घ्यायला ये, आईच्या गुडघ्यांना जिने जमत नाहीत.

दोन तिकिटं काढली आहेत. तिसरं नाव मी घातलेलं नाही. बाबांनी विचारलं, तुझं? म्हटलं, बघते. त्याच गाडीला आज अजून एकवीस जागा शिल्लक दाखवतंय. तू म्हणालास तर काढीन.

दीपमाला